बापूरावांना न पोचलेली उत्तरे

बिबवेवाडी, पुणे
गुरुवार, दुपारच्या चहाआधी

तीर्थस्वरूप बापूराव यांना गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे हल्ली जमिनीला टेकायचे नाकारतात. त्यांचा नमस्कार उभ्यानेच पोचता करून घ्यावा.) आपली तब्येत कशी आहे? इंदुरात एव्हाना थंडी पडली असेल. कुसुमने मागे विणून पाठवलेली कानटोपी आपण घालता की नुसती घडी करून ठेवता, असे तिने विचारायला सांगितले आहे. इकडे सर्व खुशाल आहे असे या ठिकाणी लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. काय काय खुशाल नाही ते पुढे येईलच.

संगणक असताना मी कागदावर का लिहितो आहे, असे आपल्याला वाटेल. आपण माझ्या पत्नीचे ज्येष्ठ बंधू आणि जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलेले, त्यामुळे आपल्याला पत्र लिहिताना मी नेहमीच आधी कच्चे करतो आणि मग पक्के. हे मात्र एकदमच पक्के लिहीत आहे, कारण वेळ थोडा आहे. शनिवारी आपला सलिल भोपाळहून घरी येईल, रविवारी सकाळी तो आपल्याला इंटरनेट जोडून देईल, आणि आपण पडद्यासमोर बसाल. त्याआधी हे पत्र आपल्या हाती पडणे अत्यंत जरुरीचे आहे. का, ते सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल. (कुसुम म्हणते, तुम्ही भाजी आणायला निघालात तरी आधी मागे जाता.)

आपल्याला फोनवर ऐकू येईनासे झाले आणि आपण श्रवणयंत्र कपाटात कुलूपबंद केलेत, तेव्हा सलिलने ईमेलची तोड काढली हे फार चांगले केले. रविवारी आपण लिहायचे, सोमवारी आम्ही वाचायचे आणि त्याच दिवशी उत्तर द्यायचे, असा परिपाठच पडला होता. सोमवार म्हणजे आमच्याकडे सणच झाला होता. कुसुम अंघोळ-पूजा उरकून, केसात गजरा वगैरे माळून संगणकासमोर बसायची. मी एकदा म्हणालो की, अगं, त्यातून बापूराव तुला पाहत नाहीत. त्यावर तिने माझ्याकडे असे पाहिले की मी मुकाट्याने भाजी चिरायला गेलो. ती मराठी लिहायची इंग्रजी अक्षरांत, मनाला येईल तसे. मी मात्र पाटबंधारे खात्याच्या ड्रॉइंग शाखेत आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे तिच्या पत्रामागोमाग माझे स्वतंत्र पत्र सरकारी इंग्रजीत जायचे. 'आपल्या उपरोक्त पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की, आमच्याकडे पेरू स्वस्त झाले आहेत,' अशा धर्तीचे.

सगळे सुरळीत चालले होते. दसऱ्याच्या सुमारास आमच्या घरात एक क्रांती झाली. तोवर आमचा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचा, म्हणजे मेल उघडले की फोन बंद. कुसुमच्या भिशीतल्या बायकांनी तक्रारी केल्या. त्यात आमची स्पृहा हिंजवडीच्या कंपनीत लागल्यापासून घरी आली की तिलाही इंटरनेट लागतो. तेव्हा आमचा केबलवाला दत्तोबा म्हणाला, "काका, आता टीव्हीच्या वायरीशेजारनंच नेट देतो. फोन बी चालू, नेट बी चालू." दत्तोबा मूळचा हडपसरकडचा, शब्दाचा पक्का. त्याने गच्चीवरून तार सोडली, खिडकीच्या चौकटीला भोक पाडले आणि काम केले. तेव्हापासून फोनही वाजू लागला आणि आपली पत्रेही येऊ लागली. (मार्केट यार्डाकडे जाणारा कांद्याचा ट्रक अधूनमधून ती तार ओढून नेतो, पण दत्तोबा संध्याकाळपर्यंत परत बांधून देतो.) पत्रे येत होती, हे आपण कृपया लक्षात ठेवावे. कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. पत्रे येतात त्या अर्थी जातातही, असे मी धरून चाललो.

दिवाळीनंतर आपले पत्र आले की, सलिल आपली पंचाहत्तरी करणार आहे, हॉल बघून ठेवला आहे, तुम्ही कधी येता ते कळवा. कुसुमला इतका आनंद झाला की तिने त्याच बैठकीला उत्तर लिहिले, शालू कोणता नेसणार इथपर्यंत. मीही माझे संमतिपत्र जोडले. पुढच्या सोमवारी आपले पत्र आले: तुमचे उत्तर नाही, येणार की नाही ते कळवा. आम्ही पुन्हा लिहिले. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

आता बापूराव, मी नीट तपास न करता कोणाविषयी मत बनवणारा माणूस नाही. मी संगणक तपासला. त्यात डाव्या बाजूला 'आउटबॉक्स' नावाची पेटी आहे. आमच्या कचेरीत टेबलावर दोन ट्रे असायचे. 'इन'मध्ये आवक, 'आउट'मध्ये जावक. आउटमध्ये कागद पडला की आपली जबाबदारी संपली, पुढचे शिपाई बघेल. या आउटबॉक्ससमोर कंसात एक आकडाही यायचा आणि दर सोमवारी तो वाढायचा. मी त्याला जावक क्रमांक समजलो. (एखाद्या परदेशी यंत्राने आमच्या खात्याची पद्धत इतकी अचूक उचलावी याचे मला कौतुकही वाटले. मी ते कुसुमला बोलून दाखवले होते.) शिवाय पत्र पाठवले की पडद्यावर एक चौकट उमटायची. तिच्यात बारीक इंग्रजीत बराच मजकूर आणि मोठमोठे आकडे असायचे, आणि खाली एकच बटण, 'ओके'. मी ती पोचपावती समजून दर वेळी ओके दाबत आलो. ठीक आहे असे यंत्र स्वतः म्हणत असताना, नाही, काहीतरी बिनसले आहे, असे म्हणणारा मी कोण?

म्हणजे आमची पत्रे तर गेली आहेत. तरीही बापूराव म्हणतात की मिळाली नाहीत. तेव्हा यातून तर्काने एकच निष्कर्ष निघत होता, आणि तो मी काढला. ऐन त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीत वृद्धापकाळातील विस्मरणावर मोठा लेख आला होता. त्यात पहिलेच लक्षण दिले होते की, रुग्ण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. मी लेखाभोवती लाल पेन्सिलीने चौकट आखली आणि कुसुमसमोर ठेवला. तिने तो शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "दादाला अख्खं रघुवंश पाठ आहे हो." मी म्हणालो, लेखात तेही दिले आहे. जुने आठवते, नवे आठवत नाही.

त्या दिवसापासून मी आपल्याला लिहिण्याची पद्धत बदलली. बापूराव, हे मी सांगतो आहे ते ताकीद म्हणून समजावे. एका पत्रात मी आपल्याला मोठ्या अक्षरांत, सोपी वाक्ये करून लिहिले. आज कोणता वार आहे ते रोज सकाळी उठल्यावर मोठ्याने म्हणावे, आपल्या मुलाचे नाव सलिल आहे, वगैरे. ब्राह्मीच्या गोळ्या कशा घ्यायच्या तेही दिले. दुसऱ्या एका पत्रात, आपला तोच प्रश्न चौथ्यांदा आला तेव्हा, माझा जरा तोल गेला, आणि 'या विषयावर या कार्यालयाने यापूर्वीच उत्तर दिले असून यापुढे पत्रव्यवहार केला जाणार नाही' असे खात्यातले एक वाक्य पडले. ते वाक्य हाताला इतके बसलेले आहे की ते मी लिहिले असे म्हणण्यापेक्षा ते लिहिले गेले असे म्हणणे अधिक योग्य होईल.

मग आपले ते पत्र आले. आपण लिहिले होते: 'कुसुम, तुझ्या मागच्या पत्रातल्या चुका मी दुरुस्त करून परत पाठवल्या, त्याचा तुला राग आला असणार. जन्मभराची खोड आहे, हात राहत नाही. पण तू वाटेल तितक्या चुका कर, वाटेल तसे लिही, पण लिही. तुझी वहिनी गेल्यापासून रविवारखेरीज मला दुसरा वार नाही.' आणि त्याच्या पुढच्या सोमवारी दोनच ओळी आल्या, की सलिलला सांगून हॉल रद्द करतो आहे, ज्यांच्यासाठी करायचे ते येणार नसतील तर समारंभ कोणासाठी.

कुसुम त्या दिवशी जेवली नाही. मी समजूत घालत होतो की हा विस्मरणाचाच पुढचा टप्पा आहे, तर तिने माझ्याकडे लक्षच दिले नाही आणि सरळ उठून आपल्याला फोन लावला. तो फोन आपण उचललात. आपल्याला आठवत नसेल. (हे मी त्या अर्थाने म्हणत नाही.) कुसुम ओरडून सांगत होती, "दादा, मी कुसुम! कुसुम बोलतेय!" शेजारच्या इमारतीतल्या लोकांनीही ऐकले. आणि आपण म्हणालात, "हो हो, सोमवार चालेल. पण मागच्यासारखं गळकं सिलिंडर पाठवू नका." आणि फोन ठेवून दिलात. आपण गॅसवाल्याच्या फोनची वाट पाहत होतात हे आता मला समजते. तेव्हा मला एवढेच दिसले की, भाऊ सख्ख्या बहिणीला गॅस एजन्सी समजला. कुसुम रिसीव्हर हातात धरून तशीच उभी होती. ती रडली असती तर बरे झाले असते, पण ती नुसती उभी राहिली. मला ते बघवले नाही. ती देवापुढे जाऊन बसल्यावर मी संगणक उघडून सलिलला एक लांब मेल लिहिले. त्यात काय लिहिले ते इथे लिहीत नाही. थोडक्यात एवढेच की, वडिलांना मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे, गॅसची शेगडी वापरू देऊ नये आणि सह्या करायला कागद देऊ नयेत. कुसुमला मी हे सांगितले नाही. तिने ते ऐकून घेतले नसते.

खरा प्रकार उघडकीला आला तो या रविवारी. स्पृहाला सुट्टी होती. ती स्वतःचे काही फोटो मैत्रिणीला पाठवायला संगणकाशी बसली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, हे काय? इतके मेल्स आउटबॉक्समध्ये का पडलेत?" मी म्हणालो, ते जावक आहे, त्याला हात लावू नकोस. ती आधी हसली. मग तिने यादीतली नावे वाचली, तारखा बघितल्या आणि तिचे हसू थांबले. ती म्हणाली, "बाबा, यातलं एकही गेलेलं नाहीये. केबल घेतल्यापासून एकही नाही. मामाला काहीच मिळालेलं नाहीये."

मी खुर्चीत बसलो. कुसुम स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिने काय झाले ते ऐकले, आणि बापूराव, खोटे सांगत नाही, तिचा चेहरा उजळला. "म्हणजे दादा बरा आहे!" ती म्हणाली. पुढच्याच क्षणाला तिचे डोळे भरले. "म्हणजे तो इतके आठवडे वाट बघतोय."

स्पृहाला मी म्हणालो, तू संगणकातली इंजिनियर आहेस, करून टाक दुरुस्त. तेव्हा कळले की ती अमेरिकेतल्या इस्पितळांच्या बिलांचे टेस्टिंग करते आणि मेल हे तिच्या डोमेनमध्ये येत नाही. (डोमेन म्हणजे आमच्याकडच्या 'हे माझ्या टेबलावर नाही' याचे नवे नाव असावे.) तिने संगणक बंद करून चालू केला. तिला ज्या ज्या विषयात काही कळत नाही त्यात ती हेच करते. मग म्हणाली, हेल्पलाइनला फोन करा, आणि तोवर आउटबॉक्सला अजिबात हात लावू नका, नाहीतर सगळे जातील. सोमवारी सकाळी ती कंपनीच्या बसने निघून गेली. आता तिला म्हणायचे होते की मेल पुसली जातील. मी समजलो, आपल्याकडे निघून जातील. माझ्या डोळ्यांसमोर ती ब्राह्मीची गोळी, ते खात्यातले वाक्य आणि सलिलचे मेल उभे राहिले. ती तीन पत्रे तेवढी काढून टाकावी म्हणून मी दोनदा संगणकापाशी गेलो आणि, हात लागला की जातील, या धाकाने दोन्ही वेळा परत आलो.

त्या सोमवारी आपले पत्र आले नाही. पहिल्यांदाच. कुसुम गजरा माळून बसली होती. तिने त्या 'पाठवा आणि घ्या' या बटणावर किती वेळा दाबले ते मी मोजले नाही. शेवटी तिने गजरा काढून देवाला वाहिला.

मग मी दत्तोबाला बोलावले. तो खिडकीतून तार हलवून म्हणाला, "काका, येतंय ना? मग लाइन ओके हाय." मी त्याला समजावले की, अरे, धरणात पाणी येते म्हणजे कालव्यातून जातेच असे नाही, येणाऱ्या पाण्याची वाट वेगळी आणि सोडायच्या पाण्याचा दरवाजा वेगळा. हे मी त्याला समजावताना माझे मलाच समजले, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मी त्या ओकेच्या वरचा मजकूर चष्मा लावून वाचला. त्यात स्वच्छ लिहिले होते की, आपले टपाल नाकारण्यात येत आहे. दर वेळी लिहीत होते बिचारे.

काल, बुधवारी, मी मेलच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. आधी बरेच संगीत ऐकवले. मग पूर्णिमा नावाची मुलगी आली आणि हिंदीत विचारू लागली की, सर, आपका कंप्यूटर चालू है क्या. मी म्हणालो, आहे. मग तिने केबल काढून लावायला सांगितली. मी लावली. मग बंद करून चालू करायला सांगितले. मी तिला विचारले की, आपण स्पृहाच्या नात्यातल्या का? ती कागदावरचे प्रश्न वाचत होती आणि मी, आता खरे सांगायला हरकत नाही, मनातून म्हणत होतो की हिला हे न जमले तर बरे. कारण कुसुम माझ्या खुर्चीला टेकून उभी होती आणि तिच्यादेखत मला ती तीन पत्रे काढता येत नव्हती. ती संध्याकाळी भजनाला गेली की स्पृहाला विचारून बंदोबस्त करायचा, असा माझा बेत होता. म्हणून मी पूर्णिमाला म्हणालो, राहू द्या, उद्या बघू.

तेव्हा कुसुमने माझ्या हातून फोन घेतला. ती मराठीतच बोलायला लागली. "हे बघ बाळ," ती म्हणाली, "माझा भाऊ इंदूरला एकटा असतो. त्याला ऐकू येत नाही. त्याला वाटतंय मी त्याच्यावर रुसलेय. मला त्याच्याकडे निरोप जायला हवाय, बाकी मला काही कळत नाही." तशी पूर्णिमाने हिंदी सोडली. "मावशी, मी वाशिमची," ती म्हणाली. "पुण्यात रूमवर राहतो आम्ही मुली. माझ्या आजीलाबी फोनवर ऐकू येत नाही. तुम्ही माउस हातात घ्या, मी सांगते तसं करा. घाई नाही."

आणि मग कुसुमने ते केले, बापूराव. मी बाजूच्या स्टुलावर बसून पाहत होतो. पूर्णिमाने तिला जे समजावून सांगितले ते मला फोनमधूनही ऐकू येत होते. आमची मेलची पेटी जुन्या, टेलिफोनच्या कंपनीची. आलेले टपाल ती कोणत्याही तारेवरून घेऊ देते, फक्त पासवर्ड बरोबर हवा. पण जावक टपाल ती आपल्याच तारेवरून आले तर मुकाट घेते, आणि दत्तोबाच्या तारेवरून आले तर विचारते की, तू कोण? आमचे यंत्र त्याला काही उत्तरच देत नव्हते. नुसते पत्र पुढे करून उभे राहायचे. तर एका पानावर एक रिकामा चौकोन होता, त्यात बरोबरची खूण केली की यंत्र जातानाही आपले नाव आणि पासवर्ड सांगू लागते. कुसुमने खूण केली. मग जावकाच्या दरवाजाचा नंबर बदलायचा होता, पंचवीस होता तिथे पाचशे सत्त्याऐंशी. तिने एका बोटाने एकेक आकडा दाबला, दर आकड्याला "दाबला गं" असे पूर्णिमाला सांगत. "आता 'पाठवा' म्हणा, मावशी."

पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकू लागली. इतके दिवस एकाच जागी बसलेली ती सगळी पत्रे लिहिलेल्या क्रमाने निघाली. पहिले कुसुमचे शालूचे, मग माझे संमतिपत्र. कुसुम टाळ्या वाजवत होती, फोनमधून पूर्णिमाही हसत होती, आणि मला दिसत होते की पट्टी ब्राह्मीच्या गोळ्यांकडे येते आहे. मी टेबलाखाली शिरून दत्तोबाची तार उपटली. ती टीव्हीची निघाली. दुसरी उपटली तर शेजारच्या दिव्याची. गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे मला तिथून चटकन बाहेरही येता येईना. कुसुम विचारत होती, तुम्ही खाली काय करताय? मी म्हणालो, पेन पडले आहे. बाहेर आलो तोवर आउटबॉक्ससमोरचा कंस नाहीसा झाला होता. कुसुमने फोनवरच पूर्णिमाला जेवायला बोलावले. ती दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून बोलत होती.

रात्री ती जेवली, आणि तिने पोळी वाढून घेतली. आता आपण म्हणाल, इतके चांगले झाले तर तक्रार कसली? तक्रार नाहीच. आम्ही दोघे पंचाहत्तरीला येणार आहोत, सुरुवातीपासून येणारच होतो. हॉल रद्द केला असल्यास तो कृपया पुन्हा घ्यावा. कुसुम आपल्यावर कधीही रागावली नव्हती. आपल्या दुरुस्त्या तिने छापून घेऊन जपल्या आहेत, आणि एके ठिकाणी आपलेच चुकले आहे असे तिचे म्हणणे आहे. कडक थंडीत पहाटे फिरायला जाऊ नये. नमस्कार-आशीर्वादाची देवघेव आपण आणि सलिलने नात्यातल्या मोठेपणाप्रमाणे करून घ्यावी. पत्रास उत्तर कोणत्याही मार्गाने आले तरी चालेल.

आपला,
गोपाळकृष्ण

ता. क. रविवारी सलिलने मेल उघडून दिल्यावर त्याला चहाच्या निमित्ताने आत पाठवावे. नंतर माझ्या नावाने आलेली पत्रे, विशेषतः जी मोठ्या अक्षरांत आहेत ती, न वाचता पुसून टाकावी. कुसुमची सर्व ठेवावी.

दुसरा ता. क. सलिलचे मेल त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर गेलेले आहे, त्यामुळे ते आपल्याला पुसता येणार नाही. आपण त्याच्यादेखत आठवड्याचे वार सलग म्हणून दाखवले तर त्याचा परिणाम बराच कमी होईल, असे वाटते.

तिसरा ता. क. (कुसुमच्या हातचा)

दादा, यांनी हे पत्र स्पीड पोस्टाने टाकायला माझ्याकडे दिलं आणि वाचू नकोस म्हणून बजावलं, तेव्हा ते मी वाचलं. जे वाचू नका म्हणून तुला विनवलंय, ते सगळं यांनी वर स्वतःच लिहून ठेवलंय. हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.

सलिलला लिहिलेलं मला कालच कळलं. हे टेबलाखाली होते तेव्हा मी ते उघडून बघितलं. त्यातला शेवट मात्र यांनी तुला सांगितला नाही, म्हणून मी सांगते. त्यात लिहिलंय, 'तुला नोकरी सोडून वडिलांपाशी बसता येणार नाही. त्यांना इकडे आणून सोड. पुढची खोली रंगवून ठेवतो. त्यांना उजेड लागतो, ती पूर्वेची आहे. ते कुसुमला ओळखोत न ओळखोत, ती त्यांच्यासमोर असेल. मलाही बोलायला कोणीतरी हवं आहे.' तेव्हा ते मेल सलिलला पुसू देऊ नकोस. यांना हे मी वाचलंय असं कळू द्यायचं नाही.

आणि हे पत्र टपालात पडलेलंच नाही. स्पृहाने मला इंदूरच्या गाडीचं तिकीट काढून दिलंय. यांना चिठ्ठी ठेवलीय, आमटी फ्रिजमध्ये आहे म्हणून. दार उघडल्यावर माझ्याकडे बघून तू काय बोलशील ते मला माहीत नाही, पण तू रडलास तर मलाही रडू येईल आणि मग काहीच बोलणं होणार नाही, म्हणून आधी हे पाकीट तुझ्या हातात देणार आहे. सावकाश वाच. वाचून झालं की आत ये. मी चहा टाकलाय.